कुलूपची खुंटी

धाकटे जावई घरात येईपर्यंत रविवारची दुपार मास्तरांची होती.

मास्तर म्हणजे थोरले जावई. शाळेत गणित शिकवायचे. गेली अकरा वर्षं दर रविवारी ते बायकोला घेऊन सासरी यायचे आणि जेवणं उरकली की सासऱ्यांशी बास्केटबॉलवर वाद घालायला बसायचे. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. उभा जन्म त्यांनी क्रेन चालवली, त्यात डावा कान गेला आणि आवाज मोठा झाला. शहराची टीम दोघांनाही जीव की प्राण, पण त्या टीममधला जीव मात्र वेगवेगळ्या खेळाडूंवर. अण्णांचा 'तोफ'वर, म्हणजे सगळ्यात जास्त पॉइंट करणाऱ्यावर. मास्तरांचा 'कुलूप'वर. कुलूप डिफेंडर होता. तो एकदा समोर उभा राहिला की भल्याभल्यांचे हात बांधल्यासारखे व्हायचे, म्हणून लोकांनीच त्याला ते नाव दिलं होतं.

"अहो, बास्केट टाकल्याशिवाय मॅच जिंकतात का?" अण्णा गरजायचे.

"आणि समोरच्याला टाकूच दिली नाही तर?" मास्तर वही उघडायचे. "गेल्या नऊ मॅच बघा. कुलूप ज्याच्यावर लागला त्याचे सरासरी अकरा पॉइंट. एरवी त्याच लोकांची सरासरी एकवीस आहे."

"मिटा ती वही. मी काय परीक्षेला बसलोय?"

आतून सासूबाई ओरडायच्या, "भांडा, पण कप फोडू नका!" असं सगळं छान चाललं होतं.

मग मेहुणीचं लग्न ठरलं. मुलगा काय करतो, असं विचारल्यावर बायको म्हणाली, "बास्केटबॉल क्लबात कपड्यांचं बघतात."

"म्हणजे धुणं?" मास्तरांनी नाक मुरडलं आणि विषय सोडून दिला.

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी नवे जावई खुर्चीच्या कडेला अवघडून बसले होते. वाद रंगात आला होता. पाहुण्याला एकटं वाटू नये म्हणून अण्णांनी विचारलं, "तुम्ही बघता का मॅच?"

"वेळ नाही मिळत. मॅच चालू असते तेव्हा मी आत टॉवेल लावत असतो."

"आत म्हणजे?"

"लॉकर रूममध्ये."

अण्णा उठले, आपली खुर्ची उचलली आणि चांगला कान धाकट्या जावयांकडे येईल अशी ठेवली. त्यामुळे मास्तर गेलेल्या कानाकडे आले. पुढचा तासभर मास्तर जे जे बोलले ते अण्णांना ऐकूच गेलं नाही.

धाकटे जावई बोलायचे थोडंच. पण जे बोलायचे ते मास्तरांना सुईसारखं टोचायचं. "कुलूपच्या जर्सीला दर मॅचनंतर डाव्या खांद्याला टाके घालावे लागतात. रेफरी बघत नसला की सगळे तिथेच धरून ओढतात." अकरा वर्षांत मास्तरांनी कुलूपच्या मॅचेसनी सहा वह्या भरल्या होत्या. त्यात त्या खांद्याचा उल्लेख कुठेच नव्हता. त्यांचा खेळाडू, आणि त्याचा खांदा ठाऊक होता या माणसाला!

अण्णांनी एकदा हळूच विचारलं, म्हणजे शेजारच्या घरापर्यंत ऐकू जाईल इतक्या हळू, "तोफचं आणि कुलूपचं बिनसलंय म्हणतात. खरं का?"

"ते नाही सांगता यायचं, अण्णा. तिथलं मी बाहेर बोलत नाही."

यावर अण्णांनी रागावायला हवं होतं. ते उलट खूश झाले. "बघा मास्तर, याला म्हणतात भरवशाचा माणूस!"

त्या दिवशी घरी जाताना मास्तर बायकोवर उगाच खेकसले. छत्री विसरली म्हणून खेकसले, आठवण का करून दिली नाहीस म्हणून पुन्हा खेकसले.

"तुमच्या पोटात का दुखतंय ते मला कळत नाही असं समजू नका," बायको म्हणाली.

सीझन निम्मा झाला आणि टीम ओळीने पाच मॅच हरली. तोफ चेंडू कुलूपकडे देतच नाही, हे टीव्हीवरही दिसत होतं. पेपरवाले तर्क लढवत होते, पण नक्की कोणालाच काही माहीत नव्हतं. अशा एका रविवारी मास्तर पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे गेले. आत धाकटे जावई ओट्याला टेकून आपल्या बायकोला खालच्या आवाजात सांगत होते, "कोचने परवा मला जर्सी टांगायच्या खुंट्या बदलायला लावल्या. दोघांच्या खुंट्या आठ वर्षं शेजारी शेजारी होत्या. कुलूपची आता पार दाराजवळ. स्क्रू काढताना मलाच कसंतरी झालं."

एवढ्यात त्यांना दारात मास्तर दिसले. ते चपापले. "दादा, हे बाहेर नको."

"छे छे! मी कशाला बोलू?" मास्तर म्हणाले. आणि त्या घटकेला त्यांना खरंच तसं वाटत होतं.

बुधवारी संध्याकाळी रेडिओवर चाहत्यांचा कार्यक्रम लागायचा. लोक फोन करून मतं मांडायचे. मास्तर चार वर्षं फोन करत होते. फोन घेणारी मुलगी दर वेळी विचारायची, "मुद्दा काय आहे आपला?" मास्तर सरासरी सांगायला लागले की ती म्हणायची, "वेळ मिळाला तर घेऊ." वेळ कधीच मिळाला नव्हता. त्या बुधवारी तिने मुद्दा विचारला आणि मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "लॉकर रूममधली बातमी आहे."

अर्ध्या मिनिटात ते थेट कार्यक्रमात होते. नाव सांगितलं नाही, "एक जुना चाहता" एवढंच म्हणाले. खुंट्यांचं सांगितलं. कुलूपसारख्या माणसाला दारापाशी नेऊन टाकणं हा अपमान आहे, त्याच्यामुळे समोरच्या टीमच्या सरासरीत किती फरक पडतो, हेही सांगितलं. सूत्रसंचालक म्हणाला, "हे तुम्हाला कसं कळलं?"

"आत माझा माणूस आहे," मास्तर म्हणाले. ते म्हणताना त्यांची छाती फुगली होती.

दुसऱ्या दिवशी पेपरात खुंटीच होती. शिक्षकांच्या खोलीत त्यावर तावातावाने चर्चा चालू होती आणि मास्तर गालातल्या गालात हसत वह्या तपासत होते. हे हसू शुक्रवारपर्यंत टिकलं. शुक्रवारी बायकोला बहिणीचा फोन आला. खुंट्या हलवल्याचं कोचला माहीत होतं, खेळाडूंना माहीत होतं आणि ज्याने स्क्रू काढले त्याला माहीत होतं. क्लबने स्क्रू काढणाऱ्याकडून लॉकर रूमची किल्ली काढून घेतली होती.

रविवारी धाकटे जावई आले. जेवले. "नोकरी आहे," ते ताटाकडे बघत म्हणाले. "मागच्या लाँड्रीत टाकलंय. पडदे, खुर्च्यांची कव्हरं, असलं सगळं."

जेवण झाल्यावर अण्णांनी मास्तरांना खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

"बुधवारी मी रेडिओ लावला होता," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज खरोखर हळू होता. "मला एकाच कानाने ऐकू येतं, मास्तर, पण ऐकू येतं. अर्ध्या मिनिटात चार वेळा 'सरासरी' म्हणणारा माणूस या शहरात एकच आहे."

मास्तरांनी मान खाली घातली.

"मी त्यांना सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं."

धाकटे जावई गॅलरीत उभे होते. मास्तरांनी शाळेत पोरं कबुली देतात तसं एका दमात सांगून टाकलं.

"माहीत होतं मला," धाकटे जावई म्हणाले. "दारात तुम्हीच होतात ना."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? आमच्या हिला बहीण एकच आहे."

यापेक्षा त्यांनी दोन मुस्कटात दिल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं. त्यांनी सोमवारी रजा टाकली आणि क्लबच्या मॅनेजरपुढे जाऊन बसले. मॅनेजरने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही आलात हे चांगलं केलंत," तो म्हणाला. "पण बायकोला सांगितलं म्हणजे बाहेर सांगितलंच की. किल्ली मी परत देऊ शकत नाही."

ती किल्ली शेवटपर्यंत परत मिळाली नाही. सीझन संपल्यावर कुलूप दुसऱ्या शहराच्या टीमकडे गेला. तोफ राहिला, टीम सहावी आली. अण्णा आणि मास्तर पुन्हा वाद घालायला लागले, पण आता अण्णा मध्येच थांबायचे, आणि मास्तर वही आणेनासे झाले.

कुलूप गेल्याच्या आठवड्यात मास्तर धाकट्या जावयांना बाजाराच्या रस्त्यावर भेटले. दोघे पिशव्या घेऊन बरोबर चालू लागले. बोलण्यासारखं फारसं नव्हतं. मग धाकटे जावईच म्हणाले, "जायच्या आदल्या दिवशी आला होता तो. मागच्या लाँड्रीत."

"कोण? कुलूप?"

"हं. पडद्यांच्या ढिगावर बसला तासभर. बोलत होता."

"काय बोलला?" मास्तरांच्या तोंडून सुटलंच.

धाकट्या जावयांनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. ते पिशवी या हातातून त्या हातात घेऊन पुढे चालू लागले.

मास्तरांचा चेहरा लाजेने तापला. या माणसाचं आपण काय केलं, ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. तरी त्यांच्या मनात दुसरं काही येईना. पूर्ण एक तास. पडद्यांच्या ढिगावर. आणि समोर आपण नाही, हा.