गळ्याची पांढरी पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी जांभळी जोगोरी आहे. घेरदार झग्यावर घालतात ती आखूड रेशमी बंडी. सोल शहरात ग्योंगबोकगुंग राजवाड्यासमोरच्या दुकानातून मी भाड्याने जाते. आमच्या पोशाखात आलेल्यांना तिथे तिकीट पडत नाही, म्हणून पूर्वी मला उसंत नसे. मग चमचमत्या नव्या बंड्या आल्या आणि मी कोपऱ्यातल्या खुंटीवर गेले. एका सकाळी मालकीणबाई माझ्या गळ्याची मळकी पट्टी पाहून म्हणाल्या, "आजचा दिवस राहू दे. संध्याकाळी हिला चिंध्यांत टाकते."

त्याच दिवशी मल्सुन आजी आणि त्यांचे यजमान तेग्यू आजोबा आले. आजींनी उभी हयात बाजारात असल्याच बंड्या शिवल्या, पण राजवाडा पाहायला सवड मिळाली नाही. आता सवड होती, तर दुखण्याने उजवा हात लुळा पडलेला. नव्या सगळ्या सोडून त्यांनी मलाच उचललं. "हिचे टाके हाताचे आहेत," एवढंच म्हणाल्या.

माझा बंद आजोबांनी बांधला, चांगले दोन फासे काढून.

"अहो, ही काय बुटाची नाडी आहे? एकच फासा असतो! चाळीस वर्षं मला शिवताना बघितलंत, लक्ष कुठे होतं?"

"जेवणाच्या डब्याकडे," आजोबा म्हणाले.

सिंहासनाच्या दालनासमोर बंद सुटला. तळ्याकाठी सुटला. बसने चांगदोकगुंग राजवाड्याला गेलो, तिथे फाटकातच सुटला. पाचव्या खेपेला फासा नीट बसला, तेव्हा आजींनी फोटो काढू दिला. मला मात्र संध्याकाळची धास्ती होती.

परतल्यावर मालकीणबाईंनी चिंध्यांची पिशवी काढली. आजी कडाडल्या, "अगं, पट्टी मळली म्हणून बंडी टाकतेस? पट्टी असतेच बदलायला. नवी पट्टी आण, सुई आण!"

सुई आली, पण डाव्या हाताने टाका पडेना. आजींचा चेहरा उतरला. आजोबांनी सुई काढून घेतली.

"तू सांग, मी घालतो."

"तुम्ही? बंद बांधायला दिवस लागला तुम्हाला!"

"मग पट्टीला दोन लागतील. सांग."

टाके वाकडेतिकडे पडले. आयुष्यभर इतरांचे टाके उसवायला लावणाऱ्या आजींनी त्यातला एकही उसवला नाही.

मित्रांनो, एवढीशी पट्टी मळली म्हणून अख्खी बंडी टाकू नका. मी आजही भाड्याने जाते. माझा गळा जरा तिरका दिसतो. कुणी नाक मुरडलंच, तर मालकीणबाई सांगतात, "तो तसाच राहणार."