पाठमोरा भागोजी

देवळाचा फोटो काढताना शेजारी एक माणूस उभा करावा लागतो. नाहीतर खांब कमरेएवढा आहे की दोन पुरुष उंच, ते फोटोवरून कळत नाही. काही जण रंगवलेली पट्टी ठेवतात. माझ्याकडेही तशी पट्टी होती, पण पहिल्याच उन्हाळ्यात ती मी एस.टी.त विसरलो. मग जिथे जाईन तिथलाच माणूस मागून घ्यायची सवय लागली.

पोलादपूर तालुक्यात कापड्याच्या वर, डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. तिथल्या महादेवाच्या देवळासाठी मला भागोजी मिळाला. साल त्र्याण्णव. मी तेव्हा महाडला वाचनालयात ग्रंथपाल होतो आणि रविवारी सावित्रीच्या खोऱ्यातली जुनी देवळं टिपत हिंडायचो. त्यांच्यावर पुस्तक करायचं मनात होतं. ते झालं नाही. होईल असं मला तरी कुठे वाटलं होतं?

भागोजी गुरं राखायचा. अंगात बंडी, कमरेला लाकडी आकडी, आकडीत कोयता. मी त्याला म्हटलं, "गाभाऱ्याच्या चौकटीशी उभे राहा. तोंड माझ्याकडे."

"म्हंजे देवाला पाठ?"

"क्षणभरच हो."

"मास्तर, देवळातनं भायेर पडताना पन आमी पाठ करीत नाय, मागं मागं येतो. फोटूसाठी कशी करू? तुमी तुमचा डबा आत पिंडीजवळ न्या, मंग दिसंल माझा तोंड."

गाभाऱ्यात इतका अंधार होता की पिंडीवरचं फूलही दिसत नव्हतं. शेवटी तो देवाकडे तोंड करून उभा राहिला आणि मी मागून फोटो काढले. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. कॅमेऱ्यातून रोखून बघणाऱ्या माणसाचा मला संकोच वाटतो.

पुढची दोन-तीन वर्षं मी त्या वाडीत जात राहिलो. कधी खांब, कधी छत, कधी बाहेरचा नंदी. प्रत्येक वेळी मापाला भागोजी, तोंड देवाकडेच. आमची मापंही त्याच्याच नावाची झाली. मंडपाचा खांब दीड भागोजी, चौकट सव्वा भागोजी. त्याला याचं फार हसू यायचं.

"मास्तर, उद्या मी म्हातारपनी वाकलो म्हंजे तुमचा देऊळ उंच व्हईल!"

मी वाचनालयातून निवृत्त झालो, गुडघे कुरकुरू लागले, आणि जाणं थांबलं. मुंबईकर मंडळींनी जुनं देऊळ उतरवून फरशीचं नवं बांधलं, असं कानावर आलं. मी बघायला गेलो नाही.

दोन हजार तीन सालच्या हिवाळ्यात एक तरुण महाडला माझ्या दारात उभा राहिला. भागोजीचा मुलगा, विनोद. मुंबईत लिफ्टदुरुस्तीच्या कामाला होता.

"सर, बाबा गेले गेल्या वर्षी. सोमवारी वर्षश्राद्ध हाय. घरात त्यांचा एकपण फोटो नाय. इलेक्शन कार्डाच्या वेळेला ते गुरं घेऊन रानात बसले होते. आये म्हणते, मास्तरांकडे असंल. नुसता फेस क्लियर पाहिजे सर, बाकी कंप्युटरवाला करतो."

मी "बघतो" म्हणालो. त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं, पण त्याच्या तोंडावरची आशा बघून ते राहून गेलं.

महाडला पुराच्या भीतीनं कागदपत्रं माळ्यावरच राहतात. तिथून निगेटिव्हांची खोकी काढली आणि एकेक पट्टी खिडकीशी धरून पाहिली. पाठ. पाठ. पुन्हा पाठ. डोक्याला गुंडाळलेलं मुंडासं, बंडी, कोयता. शेवटच्या खोक्यात एका निगेटिव्हमध्ये मान वळलेली दिसली. ती पट्टी मी वेगळी काढली.

बाजारपेठेतल्या नौमानच्या स्टुडिओत गेलो. भिंगातून बघत तो म्हणाला, "काका, माणूस हललाय. तोंडाचा धूर झालाय नुसता. दुसरा नाही?"

"आहेत. पाठमोरे."

"मग दोन्ही मोठे करून देतो. कोणता द्यायचा ते तुम्ही ठरवा. आणि आता कलर घ्या हो, हा काळा-पांढरा धंदा मी फक्त तुमच्यासाठी ठेवलाय."

रविवारी कापड्याला उतरून वाडी चढलो. पिशवीत दोन फोटो होते आणि दोन्हींची मला लाज वाटत होती. एका बाईची एवढी साधी मागणी, आणि इतके फोटो काढणारा मी ती पुरी करू शकत नव्हतो.

भागोजीची बायको बयाबाई ओटीवरच बसली होती. आत गेल्यावर मी तोंडाचा म्हणून तो हललेला फोटो पुढे केला. तिनं तो उजेडात धरला.

"ह्यो कोन?"

"आये, बाबा," विनोद म्हणाला.

"ह्याला तोंड कुटं हाय?"

मी समजावू लागलो, की मंडपात अंधार, त्यामुळे कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो, तेवढ्यात पायरीवरून कुणीतरी हाक मारली आणि भागोजीनं मान वळवली. बयाबाई ऐकता ऐकता थांबली.

"मीच त्ये. भाकर घिऊन आलेली." मग ती पदर तोंडावर धरून हसायलाच लागली. "बगा मास्तर, जल्मात एकदा पयल्या हाकेला वळला, तर तुमचा फोटू बिगडवलान!"

विनोद हसला नाही. त्यानं फोटो पुन्हा पाकिटात घातला.

"पिशवीत आनिक काय हाय?" बयाबाईनं विचारलं.

"तो काही उपयोगाचा नाही."

"दावा तरी."

मी दुसरा दिला. तो तिनं उजेडात धरला नाही, मांडीवरच ठेवला. डाव्या खांद्यावर बोट टेकवलं. तो खांदा जरा उतरलेला होता. इतक्या वर्षांत माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं.

"लाकडाच्या मोळीनं झालेला," ती म्हणाली. "ह्यो आमचा. ह्योच लावायचा."

"आये, पाठ हाय ती! लोक हसतील."

"हसूं देत. लोकांनी तोंड बगितलंन त्याचा, माझ्या वाटनीला पाठच. बाजारला त्यो पुढं, मी मागं. शेतावर जाताना त्यो पुढं, मी मागं. लगनात आंतरपाट, मंग डोकीवर पदर. तोंड बगायला सवड कवा होती रे?"

विनोदनं तिच्या मांडीवरचा फोटो उचलला.

संध्याकाळी पोलादपूरला जाऊन त्यानंच तो काचेत बसवून आणला. बयाबाईनं मला थांबवून घेतलं, म्हणून सोमवारी मी तिथेच होतो. माजघरात पाटावर फोटो ठेवला, हार घातला. गंधाची वाटी घेऊन विनोद वाकला आणि तसाच थांबला.

"आये, गंध कुटं लावू? कपाळच नाय."

"त्यो बगतोय तितं लाव."

विनोदनं भागोजीच्या मुंडाशावरून बोट पुढे नेलं. फोटोतल्या गाभाऱ्याच्या चौकटीवर मधोमध कोरलेला लहानसा गणपती होता. आता तो या फोटोशिवाय कुठेच नाही. त्याच्यावर त्यानं गंध टेकवलं.

जेवणं झाली. सगळे बाहेर गेले होते. पिशवी घेऊन मी फोटोपुढे उभा राहिलो, हात जोडले आणि निघालो. पण पाठ करवेना. तसाच मागं मागं सरकत ओटीपर्यंत आलो.

बयाबाई अंगणात भांडी घासत होती. तिनं मान वर करून बघितलं.

"मास्तर, हळू," ती म्हणाली. "मागं पायरी हाय हां."