यंत्राला कुंकू लावू नये

"कुंकू कुणी लावलं याला?"

मुख्याध्यापकांच्या टेबलावर ते तळहाताएवढं यंत्र ठेवलं होतं आणि मी ते नखानं खरवडत होते. कपाटाचं कुलूप नुकतंच उघडलं होतं. जिथं वायरी जोडायच्या, त्या बारीक भोकांत हळदीकुंकवाचा चिखल वाळून घट्ट झाला होता. आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या.

"म्या लावलं, ताई," दारात उभे असलेले शिपाई धोंडीबामामा म्हणाले. "खंडेनवमीला सगळ्याच हत्यारांची पूजा असती की. सायेब म्हनले, हे नवं हाय, नारळ ह्याच्यावरच फोडा."

"नारळाचं पाणी यात गेलं?"

"जाणारच की. नारळ हाय त्यो."

"अगं, पूजाच केली ना आम्ही?" मुख्याध्यापक रणधीर सर खुर्चीत रेलून हसले. "जोडे तर मारले नाहीत?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सर मला आठवी-नववीला शिकवायला होते. जीभ आवरली.

हे यंत्र म्हणजे खिशात मावणारी प्रयोगशाळा. मोबाईलला वायरनं जोडायचं आणि विजेचा दाब, उजेड, आवाज, काय हवं ते मोजायचं. आकडे दाखवायला मोबाईलमध्ये एक अ‍ॅप लागतं. ते अ‍ॅप कुणा एकाच्या मालकीचं नाही. जगभरातले लोक मिळून ते लिहितात, पाहिजे त्यानं घ्यावं, चुकलं तर दुरुस्त करावं, कुणी पैसा मागत नाही. त्यातला आवाज मोजायचा भाग मी लिहिलाय. मी म्हणजे शिवकन्या. ढोकीच्या रस्त्यावर आमचं गाव, आणि गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की मी अ‍ॅपवर बसते. आई म्हणते, "घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी भाजती ही."

भाजते तर भाजते! अ‍ॅप लिहिणाऱ्या मंडळींनी तपासायला म्हणून मला एक यंत्र पाठवलं होतं. ते मी शाळेला दिलं. एकच अट घातली, पोरींच्या हातात द्यायचं. सरांनी हो म्हटलं, शाल-नारळ देऊन माझा सत्कार केला, फोटो काढला, आणि यंत्र कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. विचारायला गेलं की एकच उत्तर, "पोरं फोडतील. महागाची वस्तू आहे."

पोरांनी नाही फोडलं. ह्यांनी नारळ फोडला.

"सर, परवा तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आहे," मी म्हटलं. "आरोहीनं काय करायचं आता?"

आरोही माझ्या शेजारीच उभी होती. नववीतली पोरगी, ओठ घट्ट मिटलेले. हा प्रयोग तिच्याच डोक्यातून निघालेला. गळीत सुरू झालं की शाळेपुढच्या रस्त्यानं दिवसभर उसाचे ट्रॅक्टर कारखान्याकडं जातात, आणि प्रत्येकावर खोक्याएवढा टेप बोंबलत असतो. वर्गात फळ्यावरचं गणित अर्ध्यात आलं की ट्रॅक्टर येतो. गणिताच्या सरांचे ओठ हलतात, ऐकू काही येत नाही. तिला तो आवाज मोजून, तक्ता करून, प्रदर्शनात साहेबलोकांपुढं ठेवायचा होता. शाळेपुढं टेप बंद करा, एवढंच तिचं मागणं.

"ते अ‍ॅपच बोगस असंल," सर म्हणाले. "फुकटातली वस्तू. आत्ताच जोडून बघितलं ना, सगळे शून्य."

"अ‍ॅप बोगस नाही! पिना गंजल्यात."

"म्हणजे पूजेनं यंत्र बिघडलं म्हणतेस? देवाला दोष देतेस?"

घ्या! आता भांडण देवापर्यंत गेलं. माझी आई खंडेनवमीला माझ्या लॅपटॉपला हळदीकुंकू लावते आणि मीही हात जोडते. पण झाकणाला लावते. कीबोर्डमध्ये कुंकू ओतत नाही. हे एवढं माझ्या न शिकलेल्या आईला कळतं.

"देवाला नाही, सर. तुम्हाला दोष देते," मी म्हटलं. "तुम्हाला यंत्र पुजायला पाहिजे, वापरायला नको."

धोंडीबामामांनी खाली बघितलं. सरांचा चेहरा उतरला, मग तांबडा झाला.

"सातवीच्या पोरांचा ज्वालामुखी तयार आहे," ते म्हणाले. "थर्माकोलचा. लाल पाणी उसळतं त्यातनं, लोकांना बघायला आवडतं. तोच जाईल."

"सर, नुसत्या मोबाईलवर बी मोजता येतंय," आरोही पहिल्यांदा बोलली. "मोबाईलच्या माइकवर. ताईंनी दाखवलंय. थोडं कमी-जास्त होतंय, पर येतंय. आईचा मोबाईल आणू का?"

"शाळेत मोबाईल चालणार नाही. गेटच्या बाहेर काय करायचं ते करा."

विषय संपला. यंत्र पुन्हा कपाटात गेलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत सरांनी कुलूप लावलं. मेलेल्या यंत्राला कुलूप!

तडक दुकानात आले. एका गिऱ्हाइकाला म्हटलं, सर्व्हर बंद आहे, संध्याकाळी या. लॅपटॉप उघडला आणि अ‍ॅपच्या पहिल्याच पडद्यावर मराठीत एक सूचना घातली: 'यंत्राला हळद, कुंकू, नारळाचे पाणी लावू नये. यंत्र कपाटात ठेवू नये. मुलांच्या हातात द्यावे.'

आमच्या कामाची रीत अशी, की कुणीही बदल केला तरी तो दुसऱ्या कुणीतरी तपासून मान्य केल्याशिवाय अ‍ॅपमध्ये जात नाही. दुसऱ्या दिवशी पोलंडमधल्या एकाचा प्रश्न आला. माणूस भला, बोलणं मऊ. सूचनेचा अर्थ त्यानं कंप्युटरकडून भाषांतर करून वाचला होता. यंत्रावर रंगाची पूड आणि नारळाचं पाणी कुणी का टाकेल, असं त्यानं विचारलं होतं. असं खरंच घडतं का?

मी लिहिलं, आमच्याकडं गाढवं आहेत. खोडलं. मग सरांचं नाव लिहिलं. तेही खोडलं. धोंडीबामामांचा पडलेला चेहरा आठवला. त्यांनी अंघोळ करून, चप्पल बाहेर काढून, मनापासून कुंकू लावलं असणार.

शेवटी लिहिलं, "घडतं. लोक त्याला मानतात म्हणून."

त्यानं बदल मान्य केला.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मी दुकान उघडायला निघाले, तर शाळेच्या गेटबाहेर रस्त्याच्या कडेला आरोही. हातात आईचा मोबाईल, काच तडकलेली. आत पहिला तास सुरू झालेला.

"काय गं, तास बुडवलास?"

"तासाला बसलं तरी ऐकू कुठं येतंय, ताई?"

"आणि सरांनी बघितलं तर?"

"गेटच्या बाहेर काय करायचं ते करा म्हनले की. मग हे बाहेरच हाय."

मी तिच्याशेजारी उभी राहिले. दुकान गेलं उडत. एक ट्रॅक्टर आला, मागं उसाच्या दोन ट्रॉल्या, टेपवर कसलंसं लग्नातलं गाणं. पडद्यावरचा काटा सरसर वर चढला. त्याच्या मागं रणधीर सरांची जीप अडकली होती. मागच्या सीटवर दोन पोरं थर्माकोलचा डोंगर मांडीवर सांभाळत बसली होती. सरांना उशीर होत असावा. त्यांनी हॉर्नवर जो हात ठेवला तो काढलाच नाही.

काटा तांबड्यात गेला. आरोहीनं आकडा तळहातावर पेनानं लिहिला.

जीप आमच्यापाशी आली तेव्हा सरांनी काच खाली केली. "काय चाललंय इथं?"

"तुमचा हॉर्न मोजला, सर," आरोही म्हणाली. "ट्रॅक्टरपेक्षा जास्त आला."

तिनं तळहात वर करून दाखवला. सरांनी तो वाचला, माझ्याकडं बघितलं, आणि काच वर केली. जीप गेली. ज्वालामुखीचं टोक मागच्या काचेतून बराच वेळ दिसत होतं.

मला वाटलं, पोरगी आता हसेल. ती हसली नाही. ट्रॅक्टर वळणापलीकडं गेला, रस्ता गप झाला, आणि आतून, नववीच्या खिडकीतून, गणिताच्या सरांचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"...म्हणून उत्तर हे आलं. कळलं ना सगळ्यांना?"

आतून एकसुरात "हो सर" आलं. आरोहीनं गेटच्या दांड्या धरल्या होत्या. तिच्या घामेजल्या हातावरच्या आकड्याची शाई लोखंडाला लागली.

"मधलं गणित राहिलं, ताई," ती म्हणाली.