पैलवानांचा खांदा

“परत लावा, बाई. अगदी सावकाश,” पैलवान म्हणाले.

मी फिल्म परत लावली. पडद्यावर पैलवानच होते. खांद्याला रायफल, रायफलीवर दुर्बीण. गोळी सुटली. नुसत्या डोळ्यांनी बघणारा शपथेवर सांगेल की दुर्बीण जागची हलली नाही. क्षणाचे शेकडो तुकडे करून दाखवणाऱ्या माझ्या कॅमेऱ्याला विचारा! धातूची ती जाडजूड नळी पुढून खाली झुकली, मग वर उसळली. तिला धरून ठेवणाऱ्या दोन्ही कड्या मागे कलल्या, थरथरल्या आणि पुन्हा जागेवर येऊन शहाण्यासारख्या उभ्या राहिल्या. धातूसुद्धा लवतो, त्यात वाईट काही नाही. फक्त लवून नेमका पहिल्या जागी परत यायला हवा. केसभर मागे राहिला, तरी लांबचा नेम भलतीकडे जातो.

आमच्या कारखान्यात या कड्या बनतात. विकायला जाण्याआधी त्यातल्या काही रायफलीवर चढवून पैलवान गोळ्या झाडून बघत आणि मी त्याची फिल्म काढत असे. पैलवान हे आपलं म्हणायला. अंगाने इतके किरकोळ, की पंखा मोठा केला की मला त्यांची काळजी वाटायची.

“आता मॅडमची लावा.”

ही दुसरी फिल्म नव्या इंजिनिअर मॅडमची. तिने एक लोखंडी स्टँड बनवून घेतला होता. रायफल त्यात आवळून बांधायची आणि लांबून घोड्याला बांधलेली दोरी ओढायची. कडी त्याच जातीची. गोळी सुटली, कडी मागे कलली, परत आली, पण पुरती आली नाही. नेम सरकतो म्हणून गिऱ्हाइकांच्या तक्रारी येत होत्या, त्याचं कारण पडद्यावर धडधडीत दिसत होतं.

मॅडम शेजारीच उभी होती. म्हणाली, “काका, तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही फार छान झाडता, तीच अडचण आहे. धक्का आला की तुम्ही कमरेपासून अख्खे मागे जाता. सगळा धक्का तुम्हीच पिऊन टाकता, कडीच्या वाट्याला काही उरतच नाही. गिऱ्हाईक नवखं असतं. झाडाला टेकतं, भीतीने अंग आवळून धरतं. रायफलीला मागे जायला जागाच नसते.”

किती मायेने बोलली! उद्धट असती तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. सोमवारपासून सगळी तपासणी स्टँडवर, एवढं सांगून ती गेली. म्हणजे पैलवानांना नारळ. निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं. दर वर्षी मुदत वाढवून मिळायची, ती आता कशाला कोण वाढवतंय?

पैलवान खुर्चीत बसले. “म्हणजे इतकी वर्षं मी वाईट माल पास करत होतो?”

“तुम्ही नाही हो, तुमच्या खांद्याने केला,” मी म्हणाले. माझ्या जिभेला हाड नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

ते हसले, पण चेहरा पडलेलाच राहिला. “आमची ही गेल्यापासून घरात मी आणि भिंती. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळ झाली तरी तोंडातून शब्द निघालेला नसतो. इथे निदान तुम्ही खेकसता.”

“मी कधी खेकसले?”

“हे काय, आत्ता.” मग एकदम पुढे वाकून म्हणाले, “बाई, नवख्यासारखं ताठ राहून झाडता आलं मला, तर स्टँड कशाला हवा? उद्या जरा लवकर या. कॅमेरा लावा.”

सकाळी त्यांनी दात आवळले, पाय रोवले, अंगाचं लाकूड केलं. गोळी सुटली. मी फिल्म बघितली. ऐन क्षणी खांदा अलगद मागे गेला होता, लेकराला झेलावं तसा.

“जमलं?”

“कुठलं जमतंय!”

पुन्हा झाडली, पुन्हा तेच. अंगात मुरलेलं असं सांगून निघतं का? पैलवान स्वतःच्या खांद्याला काय काय बोलले, ते मी इथे लिहीत नाही. मग ते मागे सरकले आणि भिंतीला पाठ घट्ट टेकवून उभे राहिले.

“अहो, वेड लागलंय का? हाड मोडेल!”

“तुम्ही कॅमेरा बघा.”

मी कॅमेरा लावला. त्या माणसाला नाही म्हणणं मला जमलं नाही.

आवाज झाला. पैलवान तसूभरही हलले नाहीत. डाव्या हाताने त्यांनी रायफल नीट टेबलावर ठेवली आणि भिंतीला घसटत खाली बसले. मी धावले, तर म्हणतात, “आधी फिल्म बघा.”

मी बघितली. कडी कलली होती आणि पुरती परत आली नव्हती.

“राहिली ना मागे?”

“राहिली.”

काय आनंद झाला त्यांना! उठून टाळी द्यायला गेले, तर उजवा हात वर होईना.

मॅडमला कळलं तेव्हा ती आधी रागावली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “बरोबर आलंय, काका. अगदी स्टँडसारखंच,” ती म्हणाली. डॉक्टरांनी हाडाला चीर सांगितली आणि या खांद्याला पुन्हा रायफल लावायची नाही म्हणून बजावलं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत पैलवान हजर. हात गळ्यात अडकवलेला. वॉचमनने अडवलं नाही, तोही माणूसच आहे. तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर आम्ही शेजारी शेजारी बसलो. मी माझा डबा पुढे केला, आणि ते डाव्या हाताने घास घेत शेजाऱ्यांच्या गळक्या नळाबद्दल सांगू लागले. साठवून ठेवलेलं बोलणं किती ते!

आत मॅडम सुट्टीतही तपासत होती; स्टँडवर गोळी सुटली. पैलवानांचा खांदा आपोआप मागे गेला आणि बाकाच्या पाठीवर आदळला. डोळे घट्ट मिटले, घास हातात तसाच राहिला. त्यांना वाटलं, मी बघितलं नाही. लगेच पुन्हा नळ सुरू झाला. दुसरी गोळी सुटली, पुन्हा तेच.

“पुढे सरकून बसा, पैलवान,” मी म्हणाले.

“का हो?”

“सरका म्हटलं ना!”

“बघा, खेकसलात,” असं म्हणत ते बाकाच्या पुढच्या कडेला सरकले. आत पुन्हा गोळी सुटली. खांदा मागे गेला आणि कशालाही न लागता परत आला. ते नळाचं सांगत राहिले.