चाखणारीची सुरई

संताच्या सणाला कोणाच्या घरची वाइन लागायची, हे गावात बोनारिया ठरवत असे. सत्तरीला टेकलेली बाई, पण पाठ ताठ, आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही. घोट घ्यायची, दोन शब्दांत निकाल लावायची, आणि त्या दोन शब्दांवर एखाद्या घराची वर्षभर मान ताठ राहायची किंवा चेष्टा व्हायची. मागे एकदा एकाच्या वाइनला ती "ओला कुत्रा" म्हणाली होती. त्या बिचाऱ्याच्या मुलाला अजून लोक कुत्रेवाल्यांचा म्हणूनच ओळखतात.

सार्डिनियाच्या पश्चिम किनाऱ्याला, तिर्सो नदी समुद्राला भेटते त्या सपाट मुलखातलं हे गाव. इथली वाइन एकच, वेर्नाच्चा. ती बाजारातल्या वाइनसारखी लाडावलेली नसते. चेस्टनटच्या लाकडाचं पिंप कधी तोंडापर्यंत भरायचं नाही, वर जागा मोकळी सोडायची. मग वाइनवर दुधासारखी साय धरते आणि सायीखाली ती वर्षानुवर्षं मुरते. सायीला मात्र वारा लागतो. म्हणून पिंपांच्या कोठीच्या खिडक्या बारा महिने उघड्या. थंडीत घरातली माणसं कुडकुडली तरी चालतील, पण पिंपांना वारा मिळायला हवा. साय घराघराची वेगळी, म्हणून चवही घराघराची वेगळी.

निवडीची रीत जुनी होती. सणाच्या आदल्या सकाळी चर्चशेजारच्या दालनात टेबलावर पाच सुरया ठेवायच्या. चार इच्छुक घरांच्या आणि पाचवी चाखणारीच्या स्वतःच्या घरची. कुठली कोणाची, ते तिला माहीत नसायचं. बुडाला कोळशानं खूण केलेली असायची, ती शेवटी बघायची. त्यांतली आपली सुरई चाखणारीनं ओळखून बाजूला काढायची. जिला आपल्या घरची वाइन ओळखता येत नाही तिनं दुसऱ्याच्या वाइनला नावं कशाला ठेवायची, असा त्यामागचा सरळ हिशेब. जिची ओळख चुकली तिनं त्याच दिवशी चाखणारीची खुर्ची कायमची सोडायची. बोनारियाची कधीच चुकली नव्हती. "ही माझी, उचला," म्हणायची, आणि लोक हसून टाळ्या वाजवायचे.

ज्यांनी सुरया पाठवल्या त्यांनी त्या सकाळी दालनात यायचं नाही, घराचं दार अर्धं उघडं ठेवून बसायचं. निवड झाली की चाखणारी स्वतः रिकामी सुरई उलटी धरून त्या दारात जायची आणि संतासाठी वाइन मागायची.

याच रिकाम्या सुरईनं यंदा बोनारियाची झोप उडवली होती. कारण यंदा सुरई पाठवणाऱ्यांत तिचा धाकटा भाऊ सिसिन्निओ होता.

सिसिन्निओशी ती बाप गेल्यापासून बोलत नव्हती. बापाची वाइन सांभाळली तिनं. शेवटच्या वर्षांत म्हाताऱ्याचे हात कापायचे, तेव्हा पिंपातून नमुना काढायचा, साय फुटू द्यायची नाही, सगळं तिनं केलं. भाऊ तेव्हा ट्युरिनला कारखान्यात गाड्यांची दारं बसवत होता. बाप गेला, भाऊ परत आला, चिठ्ठ्या टाकल्या, आणि बापाचं जुनं पिंप नेमकं त्याच्या वाट्याला गेलं. तिच्या वाट्याला द्राक्षबागेचा मोठा तुकडा आला होता, पण ते ती कधी बोलून दाखवायची नाही. घराच्या मधोमध भिंत उभी राहिली. वाटणीआधी बापाच्या पिंपातली चार पळ्या साय तिनं आपल्या पिंपांत सोडून घेतली होती. त्यामुळे बापाची वाइन खरी आपल्याकडेच आहे, भावाकडे नुसतं लाकूड गेलं, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं आणि त्यावरच ती जगत होती.

"त्यानं स्वतः आणून दिली हो," ग्रेकानं सकाळीच बातमी दिली. ग्रेका शेजारीण, सुरया भरून मांडण्याचं काम तिचं. "टोपी काढून उभा होता. आता निवडलीस भावाची, तर त्याच्या दारात जावं लागेल बघ."

"मेले तरी नाही."

"मेलीस तर मग सुरई कोण नेणार?"

"ग्रेका, तू मांडायचं काम कर. ओळखेन मी त्याची. पहिल्या घोटाला बाहेर काढते की नाही बघ."

दालनात पंचवीस-तीस माणसं जमली होती. अध्यक्षपदी नेहमीप्रमाणे त्सिऊ अंतिओगु. त्सिऊ म्हणजे काका. नव्वदीचा हा म्हातारा साऱ्या गावाचाच काका होता. टेबलावर बोय माशाची वाळवलेली गाबोळी पातळ कापून ठेवली होती, शेजारी कुरकुरीत रोटी. गाबोळी चाखणारीसाठी असते, पण अर्धी त्सिऊ अंतिओगुच संपवायचा.

"चला, त्सिया बोनारिया," तो म्हणाला. चेष्टेत असला की तोही तिला मावशी म्हणायचा. "लोकांना भुका लागल्यात."

"लोकांना की तुम्हाला?"

पहिली सुरई. पेल्यात ओतली, उजेडात धरली, हुंगली, घोट घेतला. "अजून अंगडं-टोपडं घातलेली आहे. आणखी चार वर्षांनी आणा." लोक हसले.

दुसरी. "हिच्याशी भांडण झालंय कोणाचं तरी. घशात ओरखडा काढते." पुन्हा हशा.

तिसरी सुरई तिनं नाकाशी नेली आणि थांबली. कडू बदाम. त्यामागून जुन्या लाकडाचा वास, आणि त्याच्याही मागे बापाच्या कोटाच्या खिशात असायचा तसला काहीतरी, तंबाखू आणि मीठ. तिनं घोट घेतला. तो जिभेवरून गेला तरी गेला नाही. आत कुठेतरी तिला एकदम बरं वाटलं. रात्रभर उगाच जीव टांगणीला लावला, असं वाटलं. असली वाइन आपल्या घरात असताना भावाची काय बिशाद.

"ही माझी," ती म्हणाली. "उचला."

टाळ्या पडल्या. ग्रेकानं मात्र टाळी वाजवली नाही, ती गाबोळीच्या ताटातले तुकडे उगाच सारखे करत राहिली. बोनारियाला ते दिसलं नाही.

चौथी हुंगताच तिचा चेहरा खुलला. सापडला! वाइन वाईट नव्हती, पण दबलेली होती. पेल्यात पडून राहावी तशी तोंडात पडून राहत होती.

"हिला बंद खोलीचा वास येतोय," बोनारिया जरा मोठ्यानंच म्हणाली. "ज्यानं कोणी केलीय त्याला खिडकी उघडायचा कंटाळा दिसतोय. वाइनला हवा लागते हे त्याला कोणी शिकवलंच नाही. शिकवणार कोण? कारखान्यात काय, भोंगा झाला की दारं लावा आणि घरी जा."

या वेळी हशा पिकला तो मोजकाच. कारखाना म्हटल्यावर कोणाला काय ते कळायचं राहिलं नाही. पाचवी सुरई त्सिऊ अंतिओगुच्या पुतण्याची असावी असं सगळ्यांनाच वाटत होतं. चांगली होती, सरळ होती, त्यापेक्षा जास्त काही नव्हती. बोनारियानं तिच्यावर हात ठेवला. "संतासाठी ही."

"झालं तर मग," म्हातारा म्हणाला आणि बुडं बघायला उठला.

पहिली, दुसरी, ठीक. तिसरी सुरई त्यानं उचलली, बुडाकडे बघितलं, चष्मा सरकवला, पुन्हा बघितलं. मग ग्रेकाकडे बघितलं. ग्रेकानं मान खाली घातली.

"काय झालं?" बोनारियानं विचारलं.

म्हातारा चौथी उचलायला गेला. बोनारियानं तिसरी त्याच्या हातातून घेतली आणि स्वतः उलटी केली. खाली कोळशानं सिसिन्निओच्या नावाचं पहिलं अक्षर काढलेलं होतं. तिनं चौथी उचलली. चौथीखाली तिचं.

तोंडावर आपटणं म्हणजे काय, ते बोनारियानं उभ्या आयुष्यात दुसऱ्यांचंच पाहिलं होतं. तिला लाज वाटली, अशी की कानांच्या पाळ्या तापल्या. पण लाजेच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, आणि ते जास्त दुखत होतं. चौथ्या पेल्यात थोडी वाइन उरली होती. तिनं ती पुन्हा प्यायली. खरंच बंद खोलीचा वास येत होता. रोज जेवताना हीच पीत होती ती, आणि रोज तिला ती बापाची लागत होती.

तिच्या पिंपांच्या कोठीला एकच खिडकी होती, ती भावाच्या अंगणात उघडायची. त्याच्या घरातलं बोलणं ऐकू येतं म्हणून वाटणी झाली त्याच आठवड्यात तिनं ती खिळे ठोकून बंद केली होती.

"हे बघ," त्सिऊ अंतिओगु हळूच म्हणाला, "खुर्चीचं काय ते सणानंतर बघू. निवड तर झालीय. पाचवी म्हणालीस ना? माझ्या पुतण्याचं घर तीन दारांवर आहे. जा, माग आणि मोकळी हो. कोणी काही बोलणार नाही."

त्यानं मनापासून वाट काढून दिली होती. पुतण्याचा फायदा होता हेही खरं, पण तो भाग वेगळा. बोनारियानं सगळ्यांकडे एकदा बघितलं.

"खुर्ची कधी सुटते? मी उठले की?"

"हो, उठलीस की."

"मग मी अजून बसलेलीच आहे. संतासाठी तिसरी." आणि मग ती उठली.

रिकामी सुरई उलटी धरून ती निघाली. तिच्या घरावरून पुढे गेलं की भावाचं दार. रस्त्यातल्या खिडक्यांचे पडदे हलत होते. एरवी तिनं प्रत्येक पडद्याला नाव घेऊन हाक मारली असती.

सिसिन्निओ दारात लाकडी खुर्चीवर बसला होता. तिला बघून उठला, टोपी काढली, परत घातली. किती म्हातारा झालाय हा, असं तिच्या मनात आलं. भिंतीपलीकडून माणसाचं वय कळत नाही.

"संतासाठी मागायला आलेय," तिनं रीतीप्रमाणे म्हटलं.

"माझी काय पिण्यासारखी नाही," त्यानं रीतीप्रमाणे उत्तर दिलं. आपल्या वाइनला दारात नावं ठेवायची असतात. "दुसरीकडे बघ."

यावर "असू दे, चालेल" म्हणायचं असतं. ते तिच्या तोंडून फुटेना.

"मी ती माझी म्हणाले," ती म्हणाली.

"काय?"

"तुझी सुरई. चाखली आणि म्हणाले, ही माझी. सगळ्यांसमोर."

सिसिन्निओनं तिच्याकडे बघितलं. त्याच्या ओठांच्या कडा हलायला लागल्या. "आणि तुझी?"

"तुझी समजून नको नको ते बोलले."

तो हसला. अगदी बापासारखा, खांदे हलवत, आवाज न करता. "काय काय बोललीस? सांग तरी."

"बंद खोलीचा वास येतो म्हणाले. खिडकी उघडायचा कंटाळा म्हणाले."

त्याचं हसू थांबलं.

"मी उगाच नाही पाठवली," तो म्हणाला. "तुझी वाइन गेल्या वर्षी ग्रेकाकडे प्यायलो. जेवणच गेलं नाही. म्हटलं, हिला सांगायचं कोणी? मी सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

"नाही."

"मग."

त्यानं सुरई भरून दिली. ती दालनात पोचवून बोनारिया घरी आली. खुर्चीवर पुढच्या वर्षी कोण, याची चर्चा तिच्यामागे सुरू झालीच होती. ग्रेकाचं नावही कोणी घेतलं म्हणतात.

कोठीत गेल्यावर तो वास तिला आता दारातच आला. तिनं पकड घेतली आणि खिडकीचे खिळे उपटायला लागली. गंजले होते, दोन तर डोक्याशीच तुटले. बाप असता तर त्यानं तिला बाजूला करून हे काम स्वतः केलं असतं आणि वर दोन शिव्या हासडल्या असत्या. शेवटचा खिळा निघाला तशी तिनं झडप ढकलली. हलली नाही. खांदा लावला. तरी नाही.

फटीतून बघितलं तर पलीकडे उजेडच नव्हता. लाकडं होती. सिसिन्निओनं आपल्या बाजूनं खिडकीला टेकवून सरपणाची रास लावली होती, पार वरपर्यंत. वरची लाकडं ताजी होती, खालची काळी पडलेली. आपण खिळे ठोकले ते त्यालाही लागलं असेल, हे तिच्या डोक्यात इतक्या वर्षांत आलंच नव्हतं.

ती तशीच उभी राहिली. मग झडपेवर हाताचा पंजा दोनदा आपटला.

"सिसिन्निओ!"

कोंबड्या तेवढ्या फडफडल्या. मग पावलं आली, थांबली. एक लाकूड जमिनीवर पडल्याचा आवाज झाला. मग दुसरं.

"ढकलू नकोस, बोना," तो पलीकडून म्हणाला. बाप गेल्यावर तिला कोणी बोना म्हटलं नव्हतं. "अंगावर येतील माझ्या. खूप आहेत."

"बरं," ती म्हणाली, आणि पकड हातात घेऊन पिंपाशेजारी बसली.