चढलेला आवाज

आमच्या घरात हसायची सुद्धा मोजदाद असते. मी जरा मोठ्यानं हसले की आई हातातलं काम टाकून माझ्याकडे बघते. "चढलं का गं?" असं ती तोंडानं विचारत नाही, डोळ्यांनी विचारते.

हा शब्द दादाच्या आजारातून घरात आला. तीन वर्षांपूर्वी दादा चढला. झोपेनासा झाला, घरातली सगळी दारं पिवळीधम्मक रंगवली, वडिलांची स्कूटर विकून अख्ख्या गल्लीला चपला वाटल्या. मग उतरला, तो कित्येक महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बायपोलर, डॉक्टर म्हणाले. आता तो गोळ्या घेतो, सायकलच्या दुकानात बसतो, स्पोक ताणताना हात थरथरतो, पण माणूस ठिकाणावर आहे. ठिकाणावर नाही ते बाकीचं घर.

भावाला हा आजार असला तर बहिणीला धोका इतरांपेक्षा जास्त. हे कळल्यावर आईनं मला हाताला धरून संशोधन केंद्रात नेलं. आजार व्हायच्या आधीच तरुण पोरांच्या शरीरात त्याच्या काही खुणा दिसतात का, हे तिथे शोधतात. मी रक्त दिलं. कापसाचा बोळा चघळून लाळ दिली. ठोठो वाजणाऱ्या नळकांड्यात पडून मेंदूचं चित्र दिलं. शेवटी मनगटावर पट्टा आला. झोप किती, हालचाल किती, सगळं तो टिपतो. पट्टा देणाऱ्या बाईंना दादा 'पट्टेवाल्या बाई' म्हणतो. त्या बिचाऱ्या पहिल्याच दिवशी बोलल्या होत्या, "शेकडो मुलांच्या खुणा एकत्र बघतो आम्ही. एकट्या मुलीचं भविष्य यातून सांगता येत नाही." आईनं त्यातला 'भविष्य' एवढाच शब्द उचलला.

मी कवळ्या बनवायला शिकलेय. मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा, साचा भरायचा, घासून चकचकीत करायचा. लोकांना हसता यावं म्हणून राबायचं आणि स्वतः मात्र ओठ मिटून बसायचं. दुसऱ्या गावातल्या एका कारखान्यात मला जागा मिळाली. तिथले मालक, कवळीवाले काका, म्हणाले, संध्याकाळपर्यंत काय ते सांग, नाहीतर दुसरी पोर घेतो. वडील म्हणाले, आई म्हणेल तसं. आई म्हणाली, "आज पट्ट्याचं कळू दे. मग बघू."

केंद्रात जायला निघताना दादा दारात होता.

"हसू नकोस हं तिथे," तो म्हणाला. "रडू पण नकोस. मधल्यामधे राहा. शिळ्या भाकरीसारखी."

"गप रे."

"आणि आईला सांग, आजारी मी आहे. माझा दोर तुझ्या गळ्यात कशाला?"

"तूच सांग ना."

"मी सांगितलं तर मी चढलो असं होतं, बाई."

पट्टेवाल्या बाईंनी पडद्यावर आलेख काढला. बघता बघता त्यांच्या कपाळाला आठी पडली. "झोप मोडतेय हिची. जवळजवळ रोज, आणि अनेकदा."

आईनं माझं मनगट घट्ट धरलं. "बघा! मी म्हणत नव्हते?"

"आई, अगं तू येतेस ना खोलीत!"

"आवाज चढवू नकोस."

मी आवाज उतरवला. आमच्याकडे आवाज नुसता चढत नाही, त्याच्याबरोबर अख्खी मी चढते. रागावले तर चढले. गप्प बसले तर उतरले. राग येण्यासारखं काही घडलं होतं का, हे कोणी विचारत नाही. त्यासाठी नळकांडं निघालेलं नाही अजून.

"कोण येतं खोलीत?" बाईंनी विचारलं.

"मी," आई म्हणाली. "दार नुसतं लोटते. श्वास बघते. कपाळाला हात लावते, एवढंच. झोपली असेल तर निघून येते."

"आणि जागी झाली तर?"

"तर बसते ना तिच्याजवळ." आईचा चेहरा एकदम पडला. "त्याच्या वेळी आम्ही झोपलो होतो हो. तो घरभर रंगवत होता आणि आम्ही झोपलो होतो."

इतका राग आला होता, आणि तो ठेवायला जागाच उरली नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तिची झोप तुम्हीच मोडताय, ताई. ही नोंद आमच्या काही उपयोगाची नाही."

"म्हणजे तिला काही नाही?"

"असं मी म्हणाले नाही."

"म्हणजे आहे?"

"असंही म्हणाले नाही. कोणीच म्हणू शकत नाही. पट्टा परत बांधू. तोवर तुम्ही तिच्या खोलीत जायचं नाही."

"आणि तोवर कामाचं राहू दे," आई मला म्हणाली. पेन टेबलावर तसंच पडलं होतं, आणि माझा निकाल लागला होता.

मी फोन घेऊन व्हरांड्यात गेले. आई दाराशी उभी राहिली. तिला ऐकू जाईल म्हणून मी इतकी वर्षं शिकलेल्या आवाजात बोलले. सपाट, सावकाश, धुऊन पिळलेल्या आवाजात.

"काका, मी येते कामाला."

"काय गं, बरं नाही का?" काका म्हणाले. "घरच्यांनी ढकललंय वाटतं. मनात नसेल तर सांग बाई, मी दुसरीला बोलावतो. ओढून आणलेली पोर नको मला."

"तसं नाही, काका."

"आवाजच सांगतोय की. राहू दे."

"मला यायचंय!" मी किंचाळले. व्हरांड्यातली सगळी डोकी वळली. "मला यायचंय, काका! तुम्ही म्हणाल ते करते, भुकटीत बसून कवळ्या घासते, पण मला घ्या! मला इथून यायचंय!"

पलीकडून हसू आलं. "हां, आत्ता कसं! असं बोलावं माणसानं. ये सोमवारी."

मला धाप लागली होती. गाल गरम झाले होते. हसूही आलं, मोठ्यानं, आणि दाबायच्या आत बाहेर पडलं.

आई जवळ आली होती. तिचा हात माझ्या कपाळावर होता. मग तिनं माझ्या हातातून फोन काढून घेतला, पदर सारखा केला, आणि अगदी गोड आवाजात म्हणाली,

"नमस्कार. मी तिची आई. तिकडे दोघींना पुरेल अशी खोली मिळेल का हो?"