माझ्या पोटात नक्की काय होते?

मित्रांनो, मी एक जुना, लाल पत्र्याचा इंधनाचा कॅन आहे. माझ्या पोटाला दोन पोचे आहेत आणि हँडलजवळचा रंग उडून आतले लोखंड दिसू लागले आहे. माझी गोष्ट सांगायला मी बसलो आहे खरा, पण आधीच कबूल करतो, तिच्यातले बरेचसे मला स्वतःलाच अजून नीट उमगलेले नाही. तुम्हाला उमगले तर मला जरूर सांगा.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. एका अवजड यंत्राने पत्र्याचे दोन अर्धे दाबून काढले, वेल्डिंगवाल्याने ते जोडले, आणि मग मला पाण्याच्या हौदात बुडवून धरले. कुठून बुडबुडा येतो का, हे पाहायचे होते. एकही आला नाही. तपासणाऱ्या माणसाने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "हा पास!" आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी. पण आपण कशात पास झालो आणि आपल्या पोटात पुढे काय भरायचे आहे, हे मला कोणी सांगितले नाही. गोंधळाची सुरुवात तिथूनच झाली म्हणा ना!

हार्डवेअरच्या दुकानात रबरी नळ्या आणि बादल्या यांच्या मध्ये मी बरेच दिवस टांगलेला होतो. एके दिवशी केस घट्ट बांधलेल्या एक बाई आल्या. त्यांनी मला खाली उतरवून घेतले, बोटाने टकटक केले, झाकण उघडून आत डोकावले, पुन्हा लावले आणि कानाशी धरून हलवले. डॉक्टरसुद्धा इतके तपासत नसतील.

"गळणार नाही ना?" त्यांनी विचारले.

"अहो, तुमच्या नातवंडांपर्यंत टिकेल," दुकानदार म्हणाला.

"नातवंडं नाहीत मला. पण टिकू दे."

या बाईंना सगळी गल्ली आत्या म्हणत असे. आयुष्यभर त्यांनी एका मोठ्या रुग्णालयाचे कोठार सांभाळले होते. एकदा वादळात तिथली वीज गेली आणि जनरेटरमध्ये डिझेल आहे असे जो तो समजून चालला होता. प्रत्यक्षात टाकी कोरडी होती. डिझेल येईपर्यंत परिचारिकांनी रुग्णांना हाताने फुगा दाबून श्वास दिला. त्या दिवसापासून आत्यांच्या मनाने घेतले की, 'असेल' या शब्दावर विसंबायचे नाही. निवृत्त होऊन धाकट्या भावाकडे राहायला आल्या, त्या ही सवय बरोबर घेऊनच. मोरीत झाकणाची पाण्याची पिंपे, कपाटात कोरडे खाणे, दाराशी औषधांची आणि टॉर्चची पिशवी, आणि मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये एक छोटा जनरेटर. तो पेट्रोलवर चाले. त्याच्यासाठी मी.

पंपावर नेऊन त्यांनी माझ्यात पेट्रोल भरले. काठोकाठ नाही, वर थोडी जागा ठेवून. मला उन्हापासून आणि स्वयंपाकघरापासून लांब ठेवले. मी अभिमानाने फुगलो होतो. पण मित्रांनो, खरी गंमत पुढेच आहे. मला कोणी हात लावला की आत्या आतून ओरडत, "त्याला नको! तो अडीअडचणीसाठी आहे!" स्कूटर बंद पडली, तरी नको. गवत कापायचे यंत्र अडले, तरी नको. मला वाटू लागले की अडीअडचण ही कोणीतरी फार मोठी पाहुणी असावी. तिच्यासाठी सगळे घर सज्ज, आणि ती काही यायचे नाव घेत नाही.

मग आत्यांच्या भावाने पावाचा धंदा वाढवला आणि एक जुनी व्हॅन घेतली. ती डिझेलची होती. एकदा पान्हा शोधायला तो शेडमध्ये आला. त्याने मला उचलून पाहिले, तर मी अर्धाच भरलेला! आत्यांनी आदल्याच आठवड्यात थोडे पेट्रोल जनरेटरमध्ये ओतून तो चालवून पाहिला होता, त्यामुळे.

भावाचा चेहरा एकदम मऊ झाला. "ताई पण ना!" तो स्वतःशीच म्हणाला. "बोलली नाही, पण माझ्या गाडीसाठी डिझेल आणून ठेवलंय." मग आपणही ताईला न सांगता काहीतरी करावे म्हणून त्याने मला गुपचूप नेले आणि वरचा अर्धा भाग डिझेलने भरून आणला.

माझ्या पोटात काय झाले म्हणून सांगू! आधीचे हलके आणि तिखट, नंतरचे जड आणि चिकट. मी आता कोण? पेट्रोलचा कॅन की डिझेलचा? मला तोंड होते, पण बोलायचे नव्हे, ओतायचे.

पुढच्या खेपेला आत्यांनी माझ्यातले थोडे जनरेटरमध्ये ओतले. तो दोनदा खोकला, पांढरा धूर सोडला आणि गप्प झाला.

"म्हातारा झाला बिचारा," आत्या म्हणाल्या. दुरुस्तीला न्यायचा म्हणून त्यांनी त्याच्यावर ताडपत्री घातली, आणि मी रिकामा राहू नये म्हणून मला पुन्हा भरून आणले. पेट्रोलनेच. नंतर केव्हातरी भावाने हलवून पाहिले आणि थोडे डिझेल वाढवले. दोघेही माझी इतकी काळजी घेत होती, की एकमेकांना विचारायची गरजच कोणाला वाटली नाही. प्रेमात असे होत असेल का? मला पत्र्याला काय कळणार!

आणि एका दुपारी ती पाहुणी आली.

आमची गल्ली उताराची. वरच्या टोकाला लाकडाची मोठी वखार होती. तिला आग लागली आणि वारा नेमका आमच्याकडे वाहत होता. आधी वास आला, मग धूर, मग ठिणग्या. लोक धडाधड खाली पळू लागले. आत्यांनी पहिल्यांदा अग्निशमन दलाला फोन लावला आणि घरातला गॅसचा सिलेंडर बंद केला. मग पिंपातल्या पाण्यात टॉवेल भिजवून त्या बाहेर आल्या. "नाकाला लावा! डोकं खाली ठेवा!" दिसेल त्याच्या हातात त्या ओला टॉवेल कोंबत होत्या.

त्यांनी पळून जायला हरकत नव्हती. पण शेजारी टेलरकाका होते. आयुष्यभर शिवणयंत्रावर बसून कपडे शिवलेले हे गृहस्थ नुकतेच खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी आले होते. त्यांना पाऊल टाकता येत नव्हते आणि घरात त्यांची बायको, टेलरकाकू, तेवढीच होती. भाऊ आणि त्याची बायको, म्हणजे वहिनी, यांनी काकांना खुर्चीसकट उचलून आणले आणि व्हॅनच्या मागे पावाचे ट्रे बाजूला सारून आत बसवले. भाऊ त्या दिवशी घरी होता तो निव्वळ भट्टी बंद होती म्हणून.

त्याने किल्ली फिरवली. इंजिन घरघरले आणि थांबले. पुन्हा फिरवली. काटा तळाला टेकलेला.

"डिझेल संपलंय," तो म्हणाला. "काही हरकत नाही! ताईचा कॅन आहे ना!"

मित्रांनो, पाहुणी आली होती आणि मला बोलावणे आले होते! भावाने मला शेडमधून उचलले, तोच आत्या समोर आल्या.

"अरे, काय करतोयस? ते पेट्रोल आहे!"

"पेट्रोल कसलं, ताई? डिझेल आहे."

"मी स्वतः भरलंय!"

"अगं, मीपण स्वतः भरलंय!"

धूर अंगणात उतरत होता, वर कुठेतरी पत्रा तडतडत होता, आणि मी दोघांच्या मध्ये लोंबकळत होतो. भावाने झाकण उघडून वास घेतला. मग आत्यांनी घेतला. दोघांनाही एकमेकांच्या इंधनाचा वास आला असावा, कारण दोघांचेही चेहरे पडले.

"म्हणूनच जनरेटर बंद पडला होता," आत्या हळूच म्हणाल्या. "मी तयारी केली होती रे. इतकी तयारी केली होती..."

"ताई, मला काय माहीत..."

व्हॅनमधून टेलरकाका खोकत म्हणाले, "भांडण मापात ठेवा रे. मला पळता येत नाहीये, नाहीतर मध्ये पडलो असतो!"

"आहे तेच घालू," भाऊ म्हणाला. "जाईल तेवढी जाईल."

"आणि मध्येच इंजिन बसलं तर? भर धुरात?" आत्यांनी माझ्यावर हात ठेवून त्याला अडवले.

तेव्हा वहिनी बोलल्या. घरात त्या सगळ्यांत कमी बोलत. "वन्सं, इंजिन लागतंच कशाला? उतार आहे की. गाडी रस्त्यावर ढकलू या आणि सोडून देऊ या. खालच्या चौकापर्यंत आपली आपण जाईल."

मग सगळे एकदम हलले.

"किल्ली काढू नकोस," आत्या भावाला म्हणाल्या, "नाहीतर स्टिअरिंग अडकेल."

"ब्रेक जड लागणार आहे. हँडब्रेकवर हात ठेवतो."

"आणि हा?" वहिनींनी माझ्याकडे बोट दाखवले. "ठिणगी पडली तर आपलं घर, शेजारचं घर, सगळं जाईल."

ज्याच्याकडे आशेने धावत आले, त्याच्याकडे आता सगळे भीतीने पाहत होते. मी तोच होतो, मित्रांनो. मी काहीच केले नव्हते. वाईट वाटावे की कसे, तेही मला ठरवता येईना. आत्यांनी माझे झाकण घट्ट आवळले, मला उचलले आणि समोरच्या रिकाम्या प्लॉटवर धावत गेल्या. तिथे नुसती खडी होती, गवताची काडीसुद्धा नव्हती. खालच्या बाजूच्या दगडी कुंपणाआड त्यांनी मला ठेवले. वर एक ओला टॉवेल टाकला, आणि जाता जाता पाठीवर थाप मारली. ती थाप कसली होती, हे मला आजही ठाऊक नाही.

टॉवेलच्या फटीतून आणि कुंपणाच्या भगदाडातून मी पाहत होतो. आत्या, वहिनी आणि टेलरकाकू मागून व्हॅन ढकलत होत्या. ती आधी हटून बसली, मग फाटकाबाहेर आली आणि स्वतःच चालू लागली. तिघी धावत धावत आत चढल्या. टेलरकाकूंची चप्पल रस्त्यावरच राहिली. इंजिनचा आवाज नाही, हॉर्न नाही, नुसता चाकांचा कर्रकर्र आवाज आणि आत टेलरकाका ओरडत होते, "बाजूला व्हा! बाजूला व्हा!" वळणावर ती एका बाजूला कलली, तेव्हा मी डोळे मिटले असते, पण मला डोळे नाहीत. मग ती सरळ झाली आणि धुरात दिसेनाशी झाली.

नंतर बराच वेळ मला काहीच कळले नाही. बंब आले, पाण्याचे फवारे उडाले, माणसे ओरडली. धूर विरला तेव्हा दिसले, आमची शेड जळून काळी पडली होती. माझ्या जागेशेजारी जनरेटरचा नुसता सांगाडा होता. पण घराच्या भिंती उभ्या होत्या आणि शेजारच्या घराच्याही.

संध्याकाळी भाऊ आणि आत्या मला शोधत आली. दोघांचीही तोंडे काजळीने माखलेली. खालच्या चौकात व्हॅन एका मातीच्या ढिगाला हलकेच टेकून थांबली होती, टेलरकाकांना रुग्णवाहिकेने नेले होते आणि ते सुखरूप होते. दोघे माझ्याजवळ खडीवरच बसली.

"तू मला सांगितलं का नाहीस रे?" आत्या म्हणाल्या.

"तुला बरं वाटावं म्हणून. आणि तू?"

"मला वाटलं, घरात सगळ्यांना माहीतच असेल."

'असेल' हा शब्द तोंडून निघाला आणि आत्या एकदम थांबल्या. मग त्या हसू लागल्या, आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या. भावाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्याकडे कोणीच पाहत नव्हते, तरी मला त्या दिवसातले तेवढेच एक बरे वाटले.

गॅरेजवाल्याने माझ्यातले ते ना धड पेट्रोल, ना धड डिझेल काढून घेतले. साबणाच्या पाण्याने मला अनेकदा धुतले, पाण्याने भरून ठेवले आणि पत्रा कापायच्या कात्रीने माझे वरचे तोंड कापून टाकले. आता माझ्यात आग विझवायची वाळू आहे. मी फाटकापाशी उभा असतो आणि येणारा-जाणारा सहज आत डोकावून पाहतो. नव्या शेडमध्ये दोन नवे कॅन आले आहेत, एक निळा आणि एक हिरवा. कोणत्यात काय, हे टेलरकाकूंनाही तोंडपाठ आहे. झाकण घट्ट लावून गुपचूप बसून राहणारी तयारी आत्यांनी सोडून दिली आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठेतरी माझ्यासारखा एखादा कॅन असेल, मेणबत्त्यांचा खोका असेल, औषधांची पिशवी असेल. त्यांना जपा, पुसा, तपासत राहा. पण त्याहून आधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून विचारा, यात काय आहे, कशासाठी आहे आणि कोणाला वापरता येते? आम्ही वस्तू कितीही निष्ठेने उभ्या राहिलो, तरी आम्हाला सांगता येत नाही हो.

अरे अरे, थांबा! आत्या येत आहेत. भाऊ घरी नसला तर व्हॅन कोण चालवणार, हा प्रश्न त्यांना त्या दिवसापासून सतावत होता. म्हणून हल्ली रोज सकाळी त्या स्वतःच गाडी शिकत आहेत. भाऊ शेजारी दोन्ही हातांनी दार धरून बसला आहे, टेलरकाका काठी टेकत ओट्यावर येऊन सूचना देत आहेत, आणि व्हॅन गचके खात थेट माझ्याच दिशेने येत आहे.

"ब्रेक, ताई! ब्रेक!"

"तोच तर दाबतेय! हा ब्रेक नाही का?"